डॉक्टरचे पैसे कोणी भरायचे?

१९४४च्या सप्टेंबरात हेन्री सिगरिस्ट कॅनडातल्या रेजायना शहरात उतरले. माणूस मूळचा स्विस, जन्म पॅरिसचा आणि नोकरी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकाचा इतिहास शिकवण्याची. सस्कॅचवान प्रांतात त्याच जूनमध्ये टॉमी डग्लस यांचा पक्ष निवडून आला होता. प्रांताची आरोग्यसेवा कशी उभी करावी, हे सांगायला नव्या सरकारने या प्राध्यापकाला बोलावलं होतं. सिगरिस्ट गव्हाच्या शेतांमधल्या गावांतून फिरले, तिथली चिमुकली इस्पितळं पाहिली, डॉक्टरांशी बोलले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अहवाल देऊन मोकळे झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच ते हिंदुस्थानात आले. इथेही काम तेच होतं. इंग्रज सरकारने १९४३मध्ये नेमलेल्या आरोग्य समितीला सल्ला द्यायचा होता.

त्या समितीचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. १८७८मध्ये नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. समितीत कामगारनेते ना. म. जोशीही होते.

एकच सल्लागार, एकच वर्ष आणि दोन शेतीप्रधान मुलूख. सस्कॅचवानही तेव्हा काही संपन्न नव्हता. १९३०च्या दशकातल्या मंदीने आणि लागोपाठच्या दुष्काळांनी तो मोडून गेला होता. तरी त्या प्रांतात १९६२पासून आजारी माणूस कार्ड दाखवतो आणि डॉक्टरकडे जातो. भारतात २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक रक्कम लोक आजही थेट खिशातून भरतात. असं का झालं, याचं उत्तर अहवालांच्या मजकुरात सापडत नाही, कारण दोन्ही अहवाल चांगलेच होते. ते सापडतं अहवालांच्या आधी त्या त्या ठिकाणी काय घडलं होतं त्यात.

खुद्द सिगरिस्ट यांना आरोग्यविम्याचा इतिहास तोंडपाठ होता. १९४३मध्ये त्यांनी ‘बिस्मार्क ते बेव्हरिज’ अशा आशयाच्या शीर्षकाचा एक निबंधच लिहिला होता.

सुरुवात जर्मनीच्या खाणींतून झाली. हार्त्स डोंगरातल्या गोस्लार गावाजवळच्या खाणीत आजारी आणि जखमी कामगारांसाठी साथीदारांनी पैसे साठवण्याची पद्धत होती, असा उल्लेख १२६०च्या कागदपत्रांत मिळतो. खाणकामगारांची भिशीच म्हणा, फक्त उचल मिळायची ती हातपाय मोडल्यावर, किंवा घरधनी गेल्यावर त्याच्या बायकोमुलांना. पुढे सुतार, शिंपी, छापखान्यातले कारागीर अशा अनेकांचे निधी निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रशियात खाणकामगारांच्या निधीसाठी कायदाही झाला होता.

जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्कने १८८३मध्ये कामगारांचा आजारपण विमा आणला तो याच पायावर. त्याचा हेतू उघड होता. समाजवाद्यांच्या संघटनांवर त्याने १८७८मध्ये बंदी घातली होती, आणि आता कामगारांना सरकारच्या बाजूला ओढायचं होतं. कायद्याने वर्गणीचे तीन भाग केले. त्यातले दोन कामगाराने भरायचे, एक मालकाने. आजारपणाच्या तिसऱ्या दिवसापासून निम्म्या मजुरीइतकी रक्कम, आणि ती जास्तीत जास्त तेरा आठवडे. डॉक्टर आणि औषध फुकट.

या हिशेबातून जे निघालं ते बिस्मार्कच्या मनात नव्हतं. वर्गणीचे दोनतृतीयांश पैसे कामगारांचे, म्हणून निधीच्या कारभारी मंडळातही दोनतृतीयांश जागा त्यांच्या. ज्यांच्या सभांवर बंदी होती ते समाजवादी कार्यकर्ते शहराशहरांतल्या आजारपण निधींच्या कचेऱ्यांत बसले, हिशेब शिकले, डॉक्टरांशी करार करू लागले. डॉक्टरांना ते फार जाचलं. विद्यापीठात शिकलेल्या माणसाने एखाद्या सुताराच्या मंडळापुढे फीसाठी उभं राहायचं! १९००मध्ये लाइपझिगला हेरमान हार्टमान यांनी डॉक्टरांची लढाऊ संघटना काढली आणि पुढची तेरा-चौदा वर्षं निधी विरुद्ध डॉक्टर असे संप गाजत राहिले. १९३३मध्ये नाझींनी सत्ता घेतल्यावर आधी ज्या जागा ‘साफ’ केल्या त्यांत या कचेऱ्या होत्या. ज्यू आणि समाजवादी कर्मचारी आणि डॉक्टर हाकलले गेले. एवढं होऊनही ती रचना टिकली. आज जर्मनीत शंभराच्या आत निधी उरले आहेत, मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के आहे, तिचा निम्मा वाटा मालक भरतो, आणि दहातले जवळपास नऊ जर्मन त्यांचे सभासद आहेत.

इंग्लंडचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९०८मध्ये जर्मनीला जाऊन हा प्रकार पाहिला आणि १९११मध्ये आपल्याकडे आणला. कामगाराचे चार पेनी, मालकाचे तीन, सरकारचे दोन. यादीवरचा डॉक्टर निवडायचा, म्हणून ‘पॅनेल डॉक्टर’. पण विमा फक्त कमावत्याचा होता. बायकोला न्यूमोनिया झाला की फी घरातल्या डब्यातून द्यावी लागे.

दक्षिण वेल्समधल्या ट्रेडिगर या कोळशाच्या आणि लोखंडाच्या गावात मात्र वेगळं घडत होतं. १८९०पासून तिथे कामगारांचं स्वतःचं वैद्यकीय मदत मंडळ होतं. मजुरीतल्या दर पौंडामागे तीन पेनी कापले जात. त्या पैशांवर मंडळाने पाच डॉक्टर, एक शल्यविशारद, दोन औषधं तयार करणारे, एक दंतवैद्य आणि एक परिचारिका ठेवली होती, आणि घरातली बायकामुलंही त्यात धरलेली होती. गावातल्या बहुतेक सगळ्या घरांचा यात समावेश होता. डॉक्टर मंडळाचे पगारदार, म्हणजे खाणकामगारांचे नोकर. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ए. जे. क्रोनिन नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर तिथे नोकरीला होता. त्या अनुभवावरून त्याने १९३७मध्ये ‘द सिटाडेल’ ही कादंबरी लिहिली. विजय आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ याच कादंबरीवर बेतलेला आहे. देव आनंद कोळसाखाणीच्या गावात डॉक्टर म्हणून येतो, त्या गावाचं मूळ ट्रेडिगरमध्ये आहे.

त्याच ट्रेडिगरमध्ये १८९७मध्ये अन्यूरिन बेव्हन जन्मले. तेराव्या वर्षी खाणीत उतरले. वडीलही खाणकामगार. कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं गेली आणि ते मुलाच्या डोळ्यांदेखत वारले. धुळीचा तो आजार तेव्हा भरपाईच्या यादीत नसल्याने घराला काहीच मिळालं नाही. बेव्हन पुढे मंडळाच्या इस्पितळ समितीवर बसले, मग खासदार झाले, आणि १९४५मध्ये देशाचे आरोग्यमंत्री.

त्याआधी १९४२च्या डिसेंबरात विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरचा अहवाल आला होता. सरकारी अहवाल घ्यायला लोकांनी रांगा लावल्या, असं क्वचितच घडतं, ते त्याच्या बाबतीत घडलं. बेव्हरिज यांचा जन्म बंगालमधल्या रंगपूरचा, वडील तिथे न्यायाधीश. त्यांच्या आई ॲनेट यांनी बाबरनाम्याचं इंग्रजी भाषांतर केलेलं आहे. बेव्हरिजनी सर्वांसाठी आरोग्यसेवा हवी एवढं गृहीत धरलं होतं. ती कशी, हे बेव्हन यांनी ठरवलं. पालिकांची, धर्मादाय, सगळी मिळून अडीच हजारांहून जास्त इस्पितळं त्यांनी सरकारच्या ताब्यात घेतली आणि खर्चाचा मुख्य भार करांवर टाकला. ट्रेडिगरला जे मिळत आलं तेच आपण साऱ्या देशाला देतो आहोत, असं त्यांचं सांगणं होतं.

१९४८च्या फेब्रुवारीत डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतलं तेव्हा दहातले जवळजवळ नऊ विरोधात होते. बेव्हन यांनी मग तडजोड केली. इस्पितळातल्या तज्ज्ञांना पगाराशिवाय खासगी रुग्ण पाहण्याची मुभा आणि तेही सरकारी इस्पितळातल्याच खाटांवर. गल्लीतला डॉक्टर नोकर न होता स्वतंत्र राहिला, आणि यादीवरच्या माणशी ठरलेली रक्कम घेऊ लागला. ५ जुलै १९४८ला सेवा सुरू झाली. कवळी आणि चष्म्यासाठी इतके लोक आले की अंदाजपत्रक कोलमडलं. वर्षानुवर्षं अधू नजरेने आणि बोळक्या तोंडाने जगलेली माणसं होती ती. १९५१मध्ये सरकारने कवळ्या-चष्म्यांवर आकार बसवला तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. औषधाच्या चिठ्ठीवरचा आकार इंग्लंडमध्ये आजही आहे. वेल्सने तो २००७मध्ये रद्द केला.

कोळसा खोऱ्यांतल्या दवाखान्यांत पुढच्या दोन-तीन दशकांत जे डॉक्टर आले, त्यांतले पुष्कळ भारतातून आणि पाकिस्तानातून गेलेले होते. ब्रिटनच्या सर्वांत नावाजलेल्या संस्थेचा इतिहास त्यांना वगळून लिहिला जातो, तो अर्धा असतो.

आता पुन्हा सस्कॅचवान. इथे मुख्यतः शेतकरी होते आणि दोन घरांत मैलाचं अंतर. १९१५च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामपालिकेतला डॉक्टर गाव सोडून निघाला होता, कारण फी वसूल होत नव्हती. पालिकेने त्याला करातून वर्षाला १५०० डॉलर देऊ केले आणि तो थांबला. बघता बघता इतर पालिकांनी तेच केलं. सरकारने कायदा दुरुस्त करून या गोष्टीला मान्यता दिली आणि शेजारशेजारच्या पालिकांना एकत्र येऊन इस्पितळ बांधण्याचीही परवानगी दिली. म्हणजे सिगरिस्ट १९४४मध्ये फिरले तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला पालिकेच्या पैशांनी डॉक्टर ठेवायचा असतो हे नवं नव्हतं. त्यांनी सुचवलं ते बहुतांश यालाच जोडून घेणारं होतं. पालिकांचे डॉक्टर वाढवा, जिल्हावार आरोग्यक्षेत्रं करा, वैद्यकीय महाविद्यालय काढा.

डग्लस यांना स्वतःला लहानपणी पायाच्या हाडाचा आजार होता. पाय कापायची वेळ आली होती. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया बघू द्यावी या अटीवर फुकट उपचार केले म्हणून पाय वाचला. डग्लस सांगत, की आपला पाय नशिबाने वाचला, आणि दुसऱ्या मुलाचा पाय नशिबावर सोडणं त्यांना मान्य नव्हतं. १ जानेवारी १९४७पासून प्रांतातल्या प्रत्येकाला माणशी वर्षाला ५ डॉलर भरून इस्पितळ मोफत झालं. डॉक्टरच्या फीचा प्रश्न मात्र पंधरा वर्षं लांबला. तोवर पैसे साठले, हिशेब करणारी माणसं तयार झाली.

१ जुलै १९६२ला कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. पहिल्याच दिवशी नऊ महिन्यांच्या आजारी बाळाला घेऊन आईवडील गाडीने एका गावाहून दुसऱ्या गावी डॉक्टर शोधत फिरले. बाळ वाचलं नाही. पुढे तेवीस दिवस संप चालला. ‘आमचे डॉक्टर वाचवा’ म्हणणाऱ्या समित्यांनी रेजायनात मोर्चा बोलावला. तीस-चाळीस हजार लोक येतील अशी हवा होती, आले चार-पाच हजार. ब्रिटनमधून डॉक्टर विमानाने आणले गेले. काही शहरांत नागरिकांनीच सहकारी दवाखाने उघडले, त्यांतले सॅस्काटूनचे आणि प्रिन्स ॲल्बर्टचे अजून सुरू आहेत. शेवटी ब्रिटिश सेवेच्या उभारणीत असलेले लॉर्ड टेलर मध्यस्थ झाले. डॉक्टर स्वतंत्र राहतील, बिल मात्र प्रांताला पाठवतील, यावर समझोता झाला. १९७२पर्यंत कॅनडाच्या सर्व प्रांतांनी ही रीत उचलली.

आता भोर समितीकडे. अहवाल १९४६ला आला. त्यातले आकडे आजही वाचवत नाहीत. ६३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३ हजारांमागे एक परिचारिका. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे समितीने पहिल्याच तत्त्वात मांडलं. पहिल्या टप्प्यात ४० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पुढे तीस-चाळीस वर्षांत दहा ते वीस हजार वस्तीला ७५ खाटांचं इस्पितळ. एका बाबतीत समिती चुकली असं वाटतं. तेव्हाच्या डॉक्टरांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट होते. समितीने पदवीधर डॉक्टर हाच एकमेव दर्जा ठरवला आणि लायसेन्शिएटांच्या शाळा बंद करण्याचा मार्ग मोकळा केला. खेड्यात राहणारा डॉक्टर त्याच शाळांतून निघत होता.

पण मुख्य घाव पैशांचा होता. २ ऑक्टोबर १९५२ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासोबत आरोग्य केंद्रं आली, ती ४० हजारांऐवजी ६० हजार ते लाखाच्या वस्तीला. सत्तरच्या दशकापर्यंत त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या मागे कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं लागली. आज कागदावर सपाटीवर ३० हजारांना आणि डोंगराळ-आदिवासी भागात २० हजारांना एक केंद्र असा निकष आहे. म्हणजे भोर यांचा पहिला टप्पा गाठला असं म्हणता येईल, पण पंचाहत्तर खाटा कुठे, आणि गडचिरोलीतल्या एखाद्या केंद्रावर रात्री डॉक्टर हजर आहे का, हे विचारायला हवं.

पगार मिळणाऱ्यांचं मात्र वेगळं झालं. मार्च १९४३मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचं काम सोपवलं गेलं. कामगार खातं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, १९५२मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरुवात झाली, आणि महाराष्ट्रात गिरणगावातल्या कामगाराला पॅनेल डॉक्टर मिळाला. आज या योजनेत, म्हणजे ईएसआयसीत, कामगार पगाराचा पाऊण टक्का भरतो, मालक सव्वातीन टक्के. आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. ९१ दिवस म्हणजे बरोबर तेरा आठवडे. बिस्मार्कच्या कायद्यातली मुदत मुलुंडच्या ईएसआय इस्पितळातल्या रांगेपर्यंत येऊन पोचलेली आहे.

शेतमजुराकडे पगारपत्रक नव्हतं, मग कापायचं कशातून? त्याच्यासाठी फक्त करांचा मार्ग उरतो, आणि त्यासाठी सरकारची तिजोरी उघडायला लावणारं मत लागतं. लंकेने हे दाखवून दिलं. तिथे सर्व प्रौढांना मताधिकार १९३१मध्येच मिळाला. १९३४-३५च्या मलेरियाच्या साथीत सुमारे ८० हजार माणसं गेली. निवडून आलेल्या प्रतिनिधींना गावाने जाब विचारला, आणि दवाखाने खेड्यांपर्यंत गेले. १९५१मध्ये फी रद्द झाली. एके काळी दर लाख जन्मांमागे हजाराहून जास्त बाळंतिणी दगावणाऱ्या त्या देशात आज हा आकडा ४०च्या आत आहे.

महाराष्ट्रातही वेगळी वाट निघाली, पण सरकारी आराखड्याबाहेर. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि पुढे गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात जामखेडचं उदाहरण होतं, आणि तीन वर्षांनी अल्मा-अटाला जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला. जामखेडच्या बायकांना डॉक्टर शिकवत होते, पण गावाचा विश्वास त्या बायकांवर होता, कारण त्या गावच्याच होत्या. ट्रेडिगरच्या मंडळाचंही बळ हेच होतं.

महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट सर्व उपचार मोफत केले. त्याच वर्षी मार्चमध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्याचा हक्क कायद्याने दिला. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, जयपुरात मोर्चे निघाले, दवाखाने बंद पडले, आणि ४ एप्रिलला सरकारने आठ मुद्द्यांवर समझोता करून अनेक खासगी इस्पितळांना कायद्यातून वगळलं. सस्कॅचवानमध्ये आणि राजस्थानमध्ये डॉक्टरांचा संताप तितकाच होता, दवाखाने तसेच बंद होते, सरकारही निवडून आलेलंच होतं. फरक एकच दिसतो. १९६२मध्ये डॉक्टरांपुढे भरलेली तिजोरी, दरपत्रक आणि पंधरा वर्षं इस्पितळांची बिलं वेळेवर चुकती करणारं खातं होतं. राजस्थानच्या कायद्यात आणीबाणीतल्या उपचारांचे पैसे सरकार परत देईल असं लिहिलं होतं, पण कोणत्या दराने आणि किती दिवसांत, याबद्दल ‘विहित पद्धतीने’ एवढाच शब्दप्रयोग होता.